चांदमारीवरची खरपुडी

२८ जुलै २०२४, रविवार

ही वही दीक्षाने अकोल्याहून आणून दिली. दीक्षा माझी नात, तिथं कॉलेजात झाडंझुडपं शिकते. म्हणाली, "आबा, तुमच्या डोक्यात जे हाये ते कागदावर उतरवा. तुमच्या मागं कोणाले विचारू मी?" मी सातवी शिकलेला माणूस. पण पोरीचा शब्द मोडवत नाही.

तर उतरवतो. मी डोमाजी तायडे. एकतीस वर्षं चांदमारीवर झेंडा लावायची नोकरी केली. चांदमारी म्हणजे आमच्या गावामागचा माळ, जिथं कॅम्पातले जवान गोळीबार शिकतात. गोळ्या सुटायच्या दिवशी टेकाडावरच्या खांबाला लाल झेंडा चढवायचा, संपलं की उतरवायचा. झेंडा वर असला की माळावर माणूस नाही, ढोर नाही. मधल्या वेळात मी बसून गवत बघायचो. बघता बघता ओळखू लागलो. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी. म्हाताऱ्यांना विचारून नावं गोळा केली, उरलेली रद्दीतल्या पुस्तकांतून.

लोक म्हणतात गोळ्यांनी माळ नासवला. त्यांना काय ठाऊक. चहूकडचं सगळं नांगराखाली गेलं, सोयाबीन झालं. हा एवढा माळ उरला तो गोळ्यांच्या धाकाने. आणि त्याच्या पश्चिमेच्या उतारावर खरपुडी उरली. वेलासारखी बारीक, गवतातून डोकं काढणारी, कंदिलाच्या आकाराचं फूल. खाली बटाट्याएवढा कंद. पंचक्रोशीत दुसरीकडं कुठंच नाही. मी हिंडून पाहिलं आहे.

आता भीती ही, की कॅम्पात नवी तुकडी आली आहे. यंदा सराव भर पावसाळ्यात. रांगणं, खंदक खणणं, ओझं घेऊन पळणं. नेमकी खरपुडी फुलायची वेळ. दोनशे जणांचे बूट त्या उतारावरून एकदा गेले की संपलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

कॅम्पावर गेलो. नव्या साहेब बाई आहेत, हर्षा मॅडम. साताऱ्याकडच्या, वय दीक्षापेक्षा सात-आठ वर्षांनी जास्त. मला वाटलं फाटकावरूनच परत लावतील. पण खुर्ची दिली, चहा दिला. मी पिशवीतून फूल काढून टेबलावर ठेवलं. सांगितलं की माशी आत शिरते, फुलातल्या केसांमुळे तिला निघता येत नाही, एक-दोन दिवसांनी केस सुकले की फूलच तिला सोडून देतं, मग ती पराग घेऊन दुसऱ्या फुलात. मॅडमने फूल उचलून उजेडाकडं धरलं, आत डोकावून पाहिलं.

मग म्हणाल्या, "बाबा, दसऱ्यापर्यंत पश्चिमेचा उतार मी सोडते. माझी पोरं पूर्वेला काळ्या मातीत रांगतील. तुम्ही झाडांना खुणा करून द्या, म्हणजे चुकून कोणी गेलं तरी कळेल."

मी विचारलं, कागद नको का. त्या म्हणाल्या, कागद केला की तो वर जाईल, आणि वर गेला की दसरा निघून जाईल. शब्द पुरे आहे ना?

मी म्हटलं, पुरे.

४ ऑगस्ट, रविवार

निवृत्त झालो तेव्हा जुना झेंडा मला देऊन टाकला होता. विटलेला, कडा झिजलेल्या. तो आज कात्रीने कापला. मैना, म्हणजे माझी बायको, ओरडली की एवढी वर्षं पेटीत जपलं आणि आता चिंध्या करून राह्यले. मी म्हटलं, ज्या कामासाठी होता त्याच कामाला लावतो आहे. लाल कापड दिसलं की या गावातला माणूस एकतीस वर्षं थबकत आला आहे.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांना झेंड्या बांधल्या. दिवसभर उतारावर वाकून वाकून झाडं शोधली, प्रत्येकाशेजारी एक काडी रोवली. सेहेचाळीस झाडं. काड्या पंचेचाळीस. शेवटच्याला उद्या लावीन.

घरून टेकाडाकडं पाहिलं तर हिरव्या गवतात लाल ठिपके. छाती भरून आली. लपवत कशाला.

११ ऑगस्ट, रविवार

वर्षावास चालू आहे. विहारात संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं, बायामाणसं बसतात. आज वाचन संपल्यावर मला म्हणाले, आबा, तुमच्या माळाचं काही सांगा. मला असं कोणी म्हणत नाही सहसा. मग काय, सुटलो.

बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. घरात दाणा नव्हता. माझी माय मला घेऊन माळावर जायची, खरपुडीचे कंद खणायची, मीठ घालून उकडायची. कसे गोड लागायचे, जीभ अजून विसरली नाही. माझी बहीण तेव्हाच जन्मली होती, मायचं दूध आटलं होतं, ते या कंदाने परत आलं असं माय मरेपर्यंत सांगायची. अर्धा तास बोललो. पुढं बसलेल्या पार्बताबाईंनी तीनदा विचारलं, "भाऊ, नेमकी कोनती म्हनता ती?" मी म्हटलं, लाल झेंडी दिसली की समजा. तिथं पाय टाकू नका.

बायांनी फार मन लावून ऐकलं. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. मैना म्हणाली, पार्बताबाईची सून बाळंत झाली आठ दिवस झाले, बिचारीले दूधच नाई उतरलं. मी म्हटलं, दवाखान्यात दाखवा.

२० ऑगस्ट, मंगळवार

आठ दिवस पावसाने घराबाहेर पडू दिलं नाही. आज उघाड म्हणून माळावर गेलो.

सहा झाडं नाहीत. उपटलेलीसुद्धा नाहीत, खणलेली. वीत वीत खड्डे. चिखलात बुटाचा ठसा. कॅम्पाचाच बूट, तळव्याची नक्षी मी ओळखतो. जरा लहान आहे, कोणी कोवळा पोरगा असेल भरतीचा.

शब्द पुरे आहे ना, म्हणे.

२१ ऑगस्ट, बुधवार

कॅम्पावर गेलो. मॅडम म्हणाल्या, त्यांची पोरं एकदाही पश्चिमेला गेली नाहीत, खंदकही तिथं खणला नाही. उलट पूर्वेच्या काळ्या मातीत पोरांचे गुडघ्यापर्यंत पाय रुततात, सगळे कुरकुर करतात, परवा एकाचा घोटा मोडला, तो मूर्तिजापूरच्या दवाखान्यात आहे. मी म्हटलं, मग बूट कोणाचा? त्या काही तरी सांगणार होत्या. मी ऐकलं नाही, उठून आलो. एवढी वर्षं साहेब लोक बघितले आहेत, सबबी पाठ आहेत.

मैनाला सांगितलं तर ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "जराक थांबा. लगेच तापू नका." हिला काय कळतं माळाचं. तिचं खुरपंसुद्धा पार्बताबाईकडं पडलं आहे आठ दिवसांपासून, ते आणायचं भान नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार

तेवीस गेली.

अंगाचा तिळपापड होतो आहे. आणि थट्टा बघा. झाड खणून नेलं, खड्डा बुजवला, वरून माती हाताने थापली, आणि माझी झेंडी तिथंच पुन्हा नीट उभी करून ठेवली. जणू काही झालंच नाही. म्हाताऱ्याला वेडा समजतात. आयुष्यभर यांच्या गोळ्यांपासून गाव वाचवला, कधी एक ढोर मरू दिलं नाही, आणि त्याचं हे बक्षीस.

येताना बाया माळावरून उतरताना दिसल्या, ओटीत तरोट्याची भाजी खोचलेली. त्यांना विचारलं, कोणी जवान दिसला का इकडं. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. घाबरतात बिचाऱ्या.

३० ऑगस्ट, शुक्रवार

खुशालराव आला होता. आम्ही एका वर्गात होतो, त्याचं वावर माळाला लागून आहे. म्हणाला, "डोमाजी, तू नुसता बोंबलून राह्यला. लिहून दे. अमरावतीच्या मोठ्या ऑफिसात एक, पेपरवाल्याले एक." मजकूर त्यानेच सांगितला, मी सही केली. जरा जहाल वाटला मला. अधिकारी बाई खोटं बोलतात, जवान दुर्मिळ वनस्पती नष्ट करत आहेत, सबब ही चांदमारी इथून हलवावी. मी म्हटलं, हलवायचं मी कुठं बोललो. तो म्हणाला, जास्त मागतलं तं थोडकं भेटते. जाताना कुंपणावरून उताराकडं बराच वेळ बघत होता. म्हणाला, जमीन तं लोण्यासारखी हाये.

त्याला गवताची कदर आहे, हे मला नव्यानेच कळलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा झाला. आज पेपरात बातमी. माझा फोटो.

पेपर घेऊनच फाटकावर गेलो. मॅडम परेडवर होत्या, दोनशे पोरं रांगेत. मी फाटकाबाहेरून जे तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, तुमच्यापेक्षा आधीचे दारुडे साहेब बरे, ते निदान शब्द देत नव्हते. म्हटलं, वर्दी घातली म्हणून खोटं खरं होत नाही. पोरं समोर बघत राहिली. त्यातली काही खुदकन हसली बहुतेक, बाईंना बोलणी बसली म्हणून.

मॅडम फाटकापर्यंत चालत आल्या. चेहरा उतरला होता. एवढंच म्हणाल्या, "बाबा, तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं." आणि पाठ फिरवून परत गेल्या.

गावात चौघांनी पाठीवर थाप मारली. मैनाने जेवताना माझ्याकडं पाहिलं नाही. मी म्हटलं, तुले काय झालं आता? म्हणाली, कायनाई. भाजीत मीठ नव्हतं.

९ सप्टेंबर, सोमवार

अमरावतीहून दोन साहेब येऊन गेले. उतार पाहिला, खड्डे पाहिले, मॅडमला सगळ्यांसमोर विचारलं की पश्चिमेचा भाग सरावातून वगळायची परवानगी कोणी दिली. कागद कुठं आहे? कागद नव्हताच. त्यातला मोठा साहेब म्हणाला, याच मनमानीमुळे पोराचा घोटा मोडला. नकाशात जे आहे ते सगळं वापरा.

हुकूम निघाला. येत्या सोमवारपासून पश्चिमेच्या उतारावर सराव.

मला रडू फुटेना, राग फुटेना. मी तक्रार केली झाडं वाचवायला. यांनी तीच पुढं करून उतारच ताब्यात घेतला. खुशालराव म्हणतो, आता दुसरा अर्ज टाकू. त्याला म्हटलं, तू आधी घरी जा.

१२ सप्टेंबर, गुरुवार

हे लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

दुपारी पार्बताबाई आल्या. छातीशी नातू, टम्म गालांचा, दोन्ही मुठी तोंडात. सोबत झाकलेली वाटी. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यासाठी शेवटचे दोन राखून ठेवले. तुमी सांगतलं म्हनून लेकरू जगलं. कंद खाल्ल्यावर आठव्या दिवशी दूध उतरलं सुनेले."

वाटीवरचं झाकण काढलं. उकडलेले कंद, मीठ लावलेले.

मला समजायच्या आधी हाताने तुकडा तोंडात घातला होता. बावन्न वर्षांनी तीच चव. मायच्या हातची.

पार्बताबाई बोलतच होत्या. आधी त्या एकट्या गेल्या, मग अजून दोघींच्या सुना अवघडलेल्या होत्या म्हणून त्याही. पहिले खड्डे उघडे राहिले होते, मग मला वाईट वाटू नये म्हणून सगळे बुजवून झेंडी परत लावायच्या, "तुमची मेहनत हाये ना ती." झेंडी नसती तर एक सापडलं नसतं, म्हणाल्या. गवतात गवतासारखंच दिसते.

पोराने माझं बोट पकडलं होतं. कोणावर ओरडू मी?

त्या गेल्यावर मैनाला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, "खुरपं माहंच होतं." मी म्हटलं, मग कावून नाई सांगतलं? तिने पदराला हात पुसले. "सांगाले आली का तुमी माळाचं घेऊन बसत. विहारात तुमी एवढे खुलून बोलले, म्हनलं हेच तं तुमाले पायजे होतं, लोकायनं ऐकावं. मंग तुमी त्या कॅम्पातल्या पोरीच्या मागं लागले. रोज म्हनलं आज सांगीन, रोज तुमी पहिलेच पेटलेले."

मी म्हटलं, फाटकावर गेलो त्या दिवशी तरी.

ती म्हणाली, त्या दिवशी तुमी माह्याकडं पाह्यलं असतं तं सांगतलं असतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

कागदावर लिहिलं. झाडं जवानांनी नेली नाहीत, आमच्या गावातल्या लोकांनी नेली, जागा मी दाखवली, तक्रार खोटी आहे. बायांची नावं लिहिली नाहीत. फाटकावर परेडच्या वेळेलाच गेलो, ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच कागद द्यायचा म्हणून.

पोरं रांगेत होती. मी मोठ्याने वाचला. मॅडमने पूर्ण वाचू दिलं, मग कागद घेतला. आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा नाही दिला.

मी विचारलं, तो बूट कोणाचा होता?

म्हणाल्या, माझा. रविवारी सुट्टी असते. माशी खरंच सुटते का ते बघायला यायचे. तुम्ही आलात त्या दिवशी तेच सांगत होते.

लहान बूट. मी स्वतः लिहून ठेवलं आहे वर, लहान बूट. माणूस किती आंधळा असावा त्याला हद्द असते.

हुकूम आता फिरत नाही, म्हणाल्या. माझा कागद वर पाठवतील, पण दसऱ्याआधी उत्तर येणार नाही. सोमवारी पोरं उतारावर जातील. "आता राहिलंय काय तसंही," असं म्हणाल्या आणि कामाला लागल्या. रागात होत्या. असायलाच हव्यात.

१४ सप्टेंबर, शनिवार

झेंड्या उपटायला गेलो. प्रत्येक काडीखाली हात घालून पाहिलं. पंचेचाळीस काड्या, पंचेचाळीस थापलेले खड्डे. मैना सोबत आली होती. तिने काड्या गोळा करून मोळी बांधली.

मोळी उचलताना आठवलं. काडी कमी पडली होती. उद्या लावीन म्हटलं होतं, ते राहूनच गेलं.

चालत गेलो. आहे. जागच्या जागी. फुलं गळून गेलीत आणि दोन शेंगा धरल्या आहेत, शिंगांसारख्या जोडीने. ज्याला मी विसरलो तेवढंच वाचलं.

आनंद झाला नाही. थोबाडीत बसल्यासारखं झालं. मैना म्हणाली, आता इथं रडू नका, कोनी पाह्यलं तं विचारतीन काय हाये इथं. बरोबर होतं तिचं.

१५ सप्टेंबर, रविवार

मॅडम सुट्टीच्या दिवशी येतात, ठाऊक होतं. सकाळपासून उतारावर बसून राहिलो. आल्या. मला बघून वळल्या होत्या, मी हाक मारली नाही, नुसता उठून चालायला लागलो. त्या मागून आल्या.

झाडापाशी थांबलो. बोट दाखवलं नाही. त्यांनी स्वतः शोधलं, गुडघ्यावर बसल्या.

म्हणाल्या, "उद्या इथून दोनशे जण जाणार आहेत. खूण केली तर तुमचं गाव, नाही केली तर माझी पोरं. करायचं काय, बाबा?"

एकतीस वर्षं झेंडा लावला, दुसरं येतं काय मला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

काल आणि आज टेकाडावरून सराव पाहिला. पोरं ओझं घेऊन उतारावरून धावत खाली येतात. गवत झोपतं, माती उकरली जाते, बघवत नाही. शेडा गेला, पवन्या गेला. पुढच्या पावसाने उठेल, उठतो तो.

मॅडम उतारावर मध्येच उभ्या. तिथूनच शिट्टी, तिथूनच शिव्या. ऊन चढलं, सावलीतली खुर्ची रिकामी. रांग सरळ येते आणि त्यांच्यापाशी आली की दोन्ही बाजूंनी फुटून पुढं जाते. साहेबाच्या अंगावरून कोण जाईल.

कालही तिथंच, आजही तिथंच.

२९ सप्टेंबर, रविवार

पारावर थट्टा चालते, बाईले एकच जागा सापडली काय उभं राहाले, मुंग्यायचं वारूळ राखून राह्यली का. खुशालराव माझ्याकडं बघून म्हणाला, तुले तं ठाऊक असंन. मी म्हटलं, मले कशाचं ठाऊक असते, मी झेंडेवाला. त्याने माझ्याशी बोलणं कमी केलं आहे. बरंच झालं.

दीक्षाचा फोन आला, आबा, झाडांच्या जागा वहीत लिहिल्या का? नकाशा काढला का? तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, मी तुमाले वही द्यायलेच नव्हती पायजे. मी म्हटलं, वहीचा काय दोष, तोंडाचा आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. सराव संपला, तुकडी पुढच्या मुक्कामाला गेली. मॅडमची बदलीही झाली. माझ्या कागदाने झाली की पेपरातल्या बातमीने, त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं तोंड नाही. जीप फाटकातून निघाली तेव्हा मी बाहेर उभा होतो. जीप थांबली. काच खाली करून म्हणाल्या, "शेंग तडकली का?"

मी म्हटलं, परवा. रुईच्या म्हातारीसारखं बी उडालं.

"कुठल्या बाजूला?"

सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ड्रायव्हर होता, फाटकावर दोघं होते. त्या हसल्या. या सगळ्यात पहिल्यांदा. काच वर गेली.

घरी येऊन वही उघडली. ऑगस्टच्या पानाच्या मागं मी झाडांच्या जागा मांडल्या होत्या, खांबापासून किती पावलं, कुठल्या दगडाच्या अंगाला. ते पान फाडून चुलीत घातलं. मैनाने विचारलं, काय जाळून राह्यले? म्हटलं, कायनाई.

शेंग तडकली त्या दिवशी वारा दुपारपासून होता. बी कुठं पडलं ते मी पाहिलं आहे.